ट्रान्झिस्टरचा कार्यबिंदू

ट्रान्झिस्टरकडून आवाज मोठा करून घ्यायचा, तर सिग्नल येण्याआधीपासूनच त्यातून थोडा करंट वाहता ठेवावा लागतो. ही व्यवस्था म्हणजे बायसिंग, आणि त्या शांत अवस्थेतला कलेक्टरचा करंट व व्होल्टेज मिळून ठरतो तो कार्यबिंदू. सप्लाय ९ व्होल्टचा असेल, तर साधारण निम्मे व्होल्टेज ट्रान्झिस्टरवर ठेवतात. मग सिग्नलला वरखाली हलायला सारखी जागा मिळते. बिंदू कडेला सरकला, की लाटेचा माथा कापला जातो आणि गाणे फाटके ऐकू येते.

सर्वांत सोपा उपाय स्थिर बायसचा: सप्लायपासून बेसला एकच रेझिस्टर. बीसी ५४७ या ट्रान्झिस्टरला कलेक्टरकडे २.२ किलोओहम आणि बेसला ८२० किलोओहम लावले, की बेसमध्ये सुमारे १० मायक्रोअँपिअर जातात. बीटा, म्हणजे करंटची वाढ, २०० असेल तर कलेक्टरमधून २ मिलिअँपिअर वाहतात. सगळे नीट. पण त्याच नावाचा दुसरा नग ४०० बीटाचा निघतो. तो बसवला, की जवळजवळ सगळे व्होल्टेज कलेक्टरचा रेझिस्टरच खातो आणि ट्रान्झिस्टर संपृक्त होऊन बसतो.

दुसरी अडचण हवामानाची. पोलादपूरहून कापड्यावरून आंबेनळी घाट चढत गेले, की महाबळेश्वर १,३०० मीटरांहून उंचावर लागते. मे महिन्यात खाली उन्हात तापलेला रेडिओ रात्री वर थंडाव्यात वाजवला, तरी तो तसाच वाजायला हवा. सिलिकॉन ट्रान्झिस्टरचे बेस-एमिटर व्होल्टेज मात्र तापमानाच्या दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने उतरते, बीटाही वाढतो. जुन्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरमध्ये गळतीचा करंट मुळातच मोठा, त्यात तो दर १० अंशांना जवळपास दुप्पट होतो. करंट वाढला की ट्रान्झिस्टर तापतो, तापला की करंट आणखी वाढतो; स्पीकर चालवणाऱ्या टप्प्यात हे आवरले नाही तर तो जळतो.

बेसचा रेझिस्टर सप्लायऐवजी कलेक्टरला जोडला, तर थोडा आळा बसतो. खरा भरवशाचा मार्ग व्होल्टेज विभाजकाचा. ६८ आणि १५ किलोओहमची जोडी बेसचे व्होल्टेज १.६ च्या आसपास धरून ठेवते; एमिटरखाली ४७० ओहम असतात. करंट वाढू लागला, की एमिटरचे व्होल्टेज वर चढते, बेस आणि एमिटरमधला फरक घटतो आणि करंट आपोआप मागे येतो. इथे बीटा २०० चा ४०० झाला, तरी करंट १.८५ वरून १.९५ मिलिअँपिअरपर्यंतच जातो. ही स्थिरता ट्रान्झिस्टरची नव्हे, त्या साध्या ४७० ओहमची.

तोच रेझिस्टर सिग्नललाही अडवतो आणि आवाजाची वाढ घटवतो. म्हणून त्याला समांतर मोठा कपॅसिटर जोडतात: बायसच्या करंटला रेझिस्टरमधूनच जावे लागते, सिग्नलला कपॅसिटरमधून मोकळी वाट मिळते.