कूलंटची जबाबदारी कोणाची?

लेथवर, मिलिंग यंत्रावर किंवा ग्राइंडरवर धातू कापला जातो तेव्हा त्यासाठी खर्च होणाऱ्या शक्तीचा बहुतेक भाग उष्णतेत जातो. ही उष्णता टूलच्या धारेपाशी साचते, धार बोथट होते आणि जॉबचे माप चुकते. ती वाहून नेणे, धारेचे घर्षण कमी करणे, चिप्स धुऊन काढणे आणि ताज्या कापलेल्या पृष्ठभागाला गंजू न देणे ही चार कामे कापकामाच्या द्रवाकडे असतात. फ्रेडरिक टेलर या अमेरिकी अभियंत्याने १९०६ साली मांडलेल्या धातुकर्तनावरील प्रबंधात टूलवर पाण्याची मोठी धार सोडल्यास कापण्याचा वेग तीस ते चाळीस टक्क्यांनी वाढवता येतो, असे दाखवले. पाण्याने लोखंड गंजते म्हणून त्यात सोडा मिसळला गेला, पुढे साबण आला, तेल आले. आज कारखान्यात ज्याला सरसकट ‘कूलंट’ म्हणतात, ते या मिश्रणांचे सुधारलेले रूप आहे.

या द्रवांचे चार मुख्य प्रकार आहेत. पहिला निव्वळ कटिंग ऑइलचा. ते पाणी न घालता वापरतात. दुसरा सोल्युबल ऑइलचा. हे तेल पाण्यात विरघळत नाही, त्याचे सूक्ष्म थेंब पाण्यात तरंगत राहतात आणि मिश्रण दुधासारखे पांढरे दिसते. तिसऱ्या, सेमी-सिंथेटिक प्रकारात तेलाचे प्रमाण कमी असते आणि चौथ्या, सिंथेटिक प्रकारात खनिज तेल नसतेच. पाण्यात मिसळायचे द्रव साधारण पाच ते दहा टक्के प्रमाणात वापरले जातात. मूळ द्रवात तेलाखेरीज पायसकारक, गंजरोधक, जंतुनाशक, फेस मारणारे घटक आणि जड कामासाठी क्लोरीन, गंधक किंवा फॉस्फरसची संयुगे असतात. एका डब्यात दहा-पंधरा रसायने सहज असतात.

जबाबदारीचा प्रश्न इथूनच सुरू होतो. डब्यावर लिहिलेले रसायन आणि यंत्राखालच्या टाकीतले रसायन सहा महिन्यांनंतर एकच राहत नाही. टाकीत स्लाइडवेचे आणि हायड्रॉलिकचे तेल गळून पडते. त्याला ट्रॅम्प ऑइल म्हणतात. पाणी उडून जाते, त्यातले क्षार मागे राहतात. बिडाची भुकटी आणि टंगस्टन कार्बाइडच्या टूलमधला कोबाल्ट त्यात मिसळतो. जीवाणू वाढतात, त्यांना मारायला आणखी जंतुनाशक ओतले जाते. त्यामुळे विक्रेत्याने दिलेले सुरक्षितता माहितीपत्रक डब्यातल्या द्रवापुरतेच खरे असते. टाकीतला द्रव कारखान्यानेच घडवलेला असतो आणि त्याची जबाबदारीही डबा फोडला की संपत नाही.

त्वचेपासून न्यायालयापर्यंत

या द्रवांच्या धोक्याची पहिली ठोस ओळख कापड गिरण्यांतून झाली. मँचेस्टर परिसरात सूतकताईच्या ‘म्यूल’ यंत्रांवर वाकून काम करणाऱ्यांच्या कपड्यांवर खनिज तेल उडत असे. त्यांच्यात वृषणकोशाच्या त्वचेचा कर्करोग आढळतो, हे १९२२ साली वैद्यकीय नियतकालिकात मांडले गेले. तरी अशुद्ध तेलाला आळा घालणारे ब्रिटनचे विशेष नियम यायला १९५३ साल उजाडले. दरम्यान १९५० च्या सुमारास बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांना हाच कर्करोग इंजिनीअरिंग कारखान्यांतही दिसू लागला. स्वयंचलित लेथची जुळणी करणारा टूलसेटर दिवसभर यंत्रावर ओणवा असतो. त्याची पँट मांड्यांपाशी तेलाने भिजते आणि हात पुसायचे तेलकट फडके खिशात असते. धोका त्या फडक्यातही होता.

असाच एक टूलसेटर या आजाराने १९६६ साली मरण पावला आणि त्याच्या पत्नीने गेस्ट, कीन अँड नेटलफोल्ड्स या कंपनीवर दावा लावला. कंपनीकडे पूर्णवेळ डॉक्टर होता. त्याला धोका ठाऊक होता, पण नियतकालिक तपासणी सुरू केली तर कामगार घाबरतील आणि रोगाचे प्रमाण तर फार थोडे आहे, असे त्याने धरले. १९६८ च्या निकालात न्यायमूर्ती स्वानविक यांनी कंपनीला जबाबदार धरले. शहाण्या मालकाने कामगारांच्या सुरक्षिततेचा स्वतःहून विचार केला पाहिजे, त्याला जे माहीत आहे आणि जे माहीत असायलाच हवे त्या आधारे पावले उचलली पाहिजेत, असा या निकालाचा आशय आहे. ब्रिटनमध्ये मालकाच्या काळजीच्या कर्तव्याचे माप म्हणून तो आजही उद्धृत होतो.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया न केलेली व अल्प प्रक्रिया केलेली खनिज तेले मानवात निश्चित कर्करोगकारक अशा पहिल्या गटात ठेवली आहेत. नामांकित उत्पादक आता चांगल्या शुद्ध केलेल्या बेस ऑइलपासून द्रव बनवतात. स्वस्त, बिननावाच्या ड्रममधले तेल कुठून आले, ते नीट शुद्ध झाले होते का, हे मात्र विकत घेणाऱ्यानेच विचारायला हवे.

एक घटक काढला, दुसरा आला

पाण्याचे द्रव रूढ झाल्यावर गंज रोखायला सोडियम नायट्राइट आणि एथेनॉलअमाइन एकत्र वापरली जात. या दोघांच्या संयोगातून नायट्रोसोडायएथेनॉलअमाइन हे कर्करोगकारक मानले जाणारे संयुग तयार होते. अमेरिकेच्या नायॉश या व्यवसाय-आरोग्य संशोधन संस्थेने १९७६ साली याबाबत इशारा दिला आणि १९८४ साली तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशा काही द्रवांत नायट्राइट मिसळण्यावर बंदी घातली. उद्योगातल्या बहुतेकांनी त्याआधीच नायट्राइट सोडले होते. जंतुनाशकांची कथाही अशीच वळणाची आहे. फॉर्माल्डिहाइड सोडणारी रसायने जीवाणू मारतात, पण फॉर्माल्डिहाइड स्वतः कर्करोगकारक आहे. त्यांच्याऐवजी येणारी आयसोथायझोलिनोन वर्गातली रसायने त्वचेला अ‍ॅलर्जी आणतात.

जड कापकामातली आणि प्रेसकामातली क्लोरीनयुक्त पॅराफिने हे ताजे उदाहरण. ती निसर्गात लवकर विघटित होत नाहीत आणि सजीवांच्या शरीरात साठतात. छोट्या साखळीची पॅराफिने २०१७ साली स्टॉकहोम कराराच्या यादीत आली. उद्योगाने मध्यम साखळीचा आधार घेतला, तर मे २०२५ मध्ये तीही, काही उपयोगांना मुदतीची सूट देऊन, यादीत घातली गेली. ‘आधीचे बंद झाले म्हणून हे’ या हिशेबाने पर्याय निवडला की दहा वर्षांत पुन्हा तोच प्रश्न उभा राहतो. नवा घटक बाजारात आणण्यापूर्वी त्याची विषाक्तता, त्याचे पाण्यातले विघटन आणि टाकीत त्याचे काय होईल हे तपासणे हे द्रव बनवणाऱ्याचे काम आहे.

हवेतले तुषार

टूलवर किंवा फिरत्या चाकावर आदळलेला द्रव सूक्ष्म तुषारांच्या रूपाने हवेत जातो. कॉम्प्रेस्ड एअरने जॉब झाडला की त्यात भर पडते. हे तुषार श्वासातून फुप्फुसात जातात आणि सोबत जीवाणू व त्यांची विषे नेतात. दमा, जुनाट खोकला आणि फुप्फुसाची अ‍ॅलर्जिक सूज हे त्याचे परिणाम आहेत.

अमेरिकेतल्या मोटार कामगारांच्या संघटनेने १९९३ साली तिथल्या ‘ओशा’ या सरकारी यंत्रणेकडे मर्यादा कडक करण्याची मागणी केली. त्याआधीच संघटना आणि जनरल मोटर्स यांनी मिळून हार्वर्डच्या संशोधकांकडून मिशिगनमधील तीन कारखान्यांच्या सुमारे ४६,००० कामगारांचा अभ्यास सुरू करवला होता. नायॉशने १९९८ साली हवेतल्या एकूण तुषारांसाठी घनमीटरला ०.५ मिलिग्रॅमची शिफारस केली. तेलतुषारांची कायदेशीर मर्यादा मात्र ५ मिलिग्रॅमच राहिली. नवा नियम करायला ओशाने नकार दिला आणि २००४ साली न्यायालयानेही तो नकार मान्य केला. त्यामुळे ०.५ चा आकडा पाळायचा की नाही हे उद्योगाच्या मर्जीवर राहिले. मोठ्या कंपन्यांनी यंत्रे बंदिस्त करून आणि मिस्ट कलेक्टर बसवून तो गाठता येतो हे दाखवून दिले. भारतात कारखाने अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत खनिज तेलाच्या तुषारांसाठी आठ तासांची सरासरी मर्यादा दिली होती, तीही ५ मिलिग्रॅम.

दुर्लक्षाची किंमत बर्मिंगहॅमजवळच्या लाँगब्रिज इंजिन कारखान्यात दिसली. २००३-०४ मध्ये तिथे श्वसनविकारांची साथ आली. आठशेहून अधिक कामगारांच्या तपासणीत ८७ जणांना कामामुळे झालेला फुप्फुसाचा आजार निघाला. त्यात दम्याचे रुग्ण सर्वाधिक होते. कारखान्यातला द्रव दूषित झाला होता आणि त्याचे तुषार हवेत मिसळत होते.

सोमवारची टाकी

द्रव निरोगी ठेवणे महाग नाही, पण ते रोजचे काम आहे. रविवारी यंत्रे बंद राहिली की टाकीवर ट्रॅम्प ऑइलची साय धरते, खालच्या द्रवाला हवा मिळत नाही आणि हवेशिवाय वाढणारे जीवाणू गंधकाचा वायू सोडतात. सोमवारी पहिल्या पाळीला यंत्र सुरू होताच येणारा कुजक्या अंड्यांचा वास तोच. बऱ्याच ठिकाणी त्यावर उपाय म्हणून जंतुनाशकाची बाटली रिकामी केली जाते. खरा उपाय स्किमरने तेल काढणे, टाकीत हवा खेळती ठेवणे आणि नियमित तपासणी हा आहे.

तपासणी साधी असते. रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर दोन थेंब टाकून, उजेडाकडे धरून आकडा वाचायचा आणि त्या द्रवाच्या गुणकाने गुणायचा, की मिश्रणाचे प्रमाण कळते. पीएच बहुधा साडेआठ ते साडेनऊच्या दरम्यान असावा लागतो. तो घसरू लागला की जीवाणू वाढल्याची खूण. मिश्रण करताना पाण्यात तेल घालायचे, तेलात पाणी नव्हे. बोअरचे कठीण पाणी वापरले तर साबणाचा चिकटा धरतो आणि मिश्रण फुटते. ऑपरेटरला बॅरिअर क्रीम, स्वच्छ कपडे आणि हात धुवायला साबण-पाणी हवे. रॉकेलने हात धुण्याची जुनी सवय त्वचेवरचे नैसर्गिक तेल काढून घेते आणि त्वचारोगाला वाट करून देते. हा खर्च व्यवस्थापनाचा आहे, ‘काळजी घ्या’ अशी पाटी लावून तो ऑपरेटरवर ढकलता येत नाही.

नाल्यात जाणारे दोनशे लिटर

पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण, नाशिकचे सातपूर-अंबड, छत्रपती संभाजीनगरजवळचे वाळूज, कोल्हापूरचे शिरोली आणि गोकुळ शिरगाव या पट्ट्यांत धातुकापाचे काम मोठ्या कंपन्यांपेक्षा त्यांच्या व्हेंडरांकडे आणि जॉबवर्क करणाऱ्या शेडमध्ये अधिक विखुरलेले आहे. दोन-चार सीएनसी असलेल्या शेडमध्ये एका यंत्राची टाकी दोनशे लिटरची धरली आणि मिश्रण पाच टक्के, तर एका लिटरमध्ये सुमारे ५० ग्रॅम मूळ द्रव असतो. त्यातले निम्मेच तेल मानले तरी लिटरला २५,००० मिलिग्रॅम होते. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यात तेल व ग्रीसची मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम आहे. म्हणजे टाकीतले पाणी मर्यादेच्या अडीच हजार पट तेलकट. ते रात्री गटारात सोडले की पुढच्या नाल्याला, नदीला आणि सांडपाणी प्रकल्पातल्या उपयोगी जीवाणूंना त्याची झळ बसते.

२०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेले तेल आणि तेलमिश्रित अवशेष घातक कचऱ्यात मोडतात. ते साधारणपणे नव्वद दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाहीत आणि परवानाधारक प्रकल्पाकडे नोंदीसह पाठवावे लागतात. २०२३ च्या दुरुस्तीने वापरलेल्या तेलासाठी उत्पादकाची विस्तारित जबाबदारी आणली. ती एप्रिल २०२४ पासून लागू झाली आणि तेलाच्या पुनर्प्रक्रियेचे लक्ष्य टप्प्याटप्प्याने वाढत जाणार आहे. पाण्याचे मिश्रण इथेही अडचणीचे ठरते. त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असल्याने पुनर्प्रक्रिया करणाऱ्याला ते परवडत नाही. आम्ल किंवा तुरटीने मिश्रण फोडणे, अल्ट्राफिल्ट्रेशन किंवा बाष्पीभवन ही कामे एकट्या छोट्या शेडच्या आवाक्याबाहेरची असतात. औद्योगिक वसाहतीच्या पातळीवर टँकरने गोळा करून एकत्र प्रक्रिया करणे हाच व्यवहार्य मार्ग आहे.

लिटरचा धंदा की जॉबचा

कमी द्रव वापरण्यात विक्रेत्याचा तोटा असेल, तर तो काळजी कशाला घेईल? या गाठीवर जनरल मोटर्सने १९९० च्या दशकात काही कारखान्यांत उपाय केला. रसायनांचे पैसे लिटरमागे न देता तयार झालेल्या मालामागे द्यायचे ठरले. साहजिकच टाकी वर्षानुवर्षे चांगली ठेवणे हेच पुरवठादाराच्या फायद्याचे झाले. जर्मन मोटार उद्योगातल्या अभ्यासांत एकूण यंत्रणखर्चात द्रवाशी संबंधित खर्च ७ ते १७ टक्के आढळला, तर टूलचा खर्च २ ते ४ टक्केच. टूल वाचवायला द्रव ओतणाऱ्यांना हा हिशेब अंतर्मुख करणारा आहे. यातूनच ‘एमक्यूएल’ पद्धत पुढे आली. तिच्यात मिनिटाला कित्येक लिटरऐवजी तासाला मोजके मिलिलिटर तेल, बहुधा वनस्पतिजन्य, हवेच्या झोताबरोबर थेट धारेवर सोडतात. फोर्डने काही इंजिन व गिअरबॉक्स कारखान्यांत ती वापरली आहे. ग्राइंडिंगसारख्या कामांत मात्र अजून भरपूर द्रवाला पर्याय नाही.

यावरून जबाबदारीची वाटणी स्पष्ट होते. घटक सुरक्षित निवडणे आणि माहितीपत्रक मराठी-हिंदीत कळेल असे देणे द्रव बनवणाऱ्याकडे. यंत्र बंदिस्त आणि टाकी साफ करता येईल अशी बांधणे यंत्र बनवणाऱ्याकडे. रोजची तपासणी, हवेचे मापन आणि कामगारांची वैद्यकीय तपासणी कारखानदाराकडे. मोठ्या कंपनीकडे आणखी एक. व्हेंडरकडून माप, फिनिश आणि किंमत तपासून घेणारी कंपनी त्याच्या टाकीतले पाणी कुठे गेले हेही विचारू शकते, कारण दर तीच ठरवते. विल्हेवाटीचा खर्च जॉबच्या दरात धरला जात नाही तोवर तो नदी आणि ऑपरेटरचे फुप्फुस भरत राहतील. खरेदी विभागाने पुढच्या वर्षीच्या दरपत्रकात त्यासाठी एक रकाना घालावा, सुरुवात तिथून होऊ शकते.