पटवलं कुणी, पटलं कुणाला

‘त्याला परोपरीनं समजावलं, पण त्याच्या डोक्यात काही शिरलं नाही’ हे वाक्य कुणाला खटकत नाही. ‘त्याला पटवलं, पण त्याला पटलं नाही’ मात्र कानाला टोचतं. समजणे-समजावणे, पटणे-पटवणे ही घडण एकच, दोन्ही क्रियापदं प्रयोजक. तरी पहिलं बोलणाऱ्याच्या खटपटीपाशी थांबू शकतं. दुसरं भूतकाळात आलं की ऐकणाऱ्याच्या मनाचा निकालच सांगून मोकळं होतं. मन वळवण्याच्या क्रियापदांत मला हाच भेद सर्वांत मोलाचा वाटतो.

विनवणे, आग्रह धरणे, गळ घालणे, चिथावणे ही पहिल्या बाजूची. कितीही गळ घाला, समोरचा बधेलच असं नाही. राजी करणे, गळी उतरवणे, भरीस पाडणे ही दुसऱ्या बाजूची. त्यातही ‘भरीस पाडलं’ म्हणताना बोलणारा आपला कौलही देतो: माणूस नको त्या गोष्टीत पडला आणि त्याला पाडणारा कुणी होता.

जे. एल. ऑस्टिन या इंग्रज तत्त्वज्ञानं १९५५ साली हार्वर्डमध्ये दिलेल्या व्याख्यानांत या भेदाच्या मुळाशी हात घातला. ती १९६२ साली, त्याच्या मृत्यूनंतर, पुस्तकरूपानं आली. बोलता बोलता घडणारी कृती वेगळी आणि बोलण्यामुळे ऐकणाऱ्यावर होणारा परिणाम वेगळा, असं त्यानं दाखवलं. मराठीत ताडून पाहा. ‘मी तुम्हाला विनंती करतो’ म्हणताक्षणी विनंती होते. ‘मी तुला पटवतो’ म्हटल्यानं काहीच पटत नाही. तो फक्त पुढचा बेत ठरतो. पटण्याची सत्ता बोलणाऱ्याकडे नसतेच. ‘मला पटलं’ या वाक्यात ‘मी’ कर्ता म्हणूनही उभा राहत नाही. पटणं आपल्या ठायी घडतं. ते ठरवून करता येत नाही. म्हणूनच ‘पोरगी पटवली’ हा प्रयोग मला सलतो. त्यात तिचं पटणं उरत नाही, त्याची कमाई तेवढी उरते.

कायद्यात हा भेद माणसाच्या जिवाशी येतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत एखाद्याला गुन्ह्यासाठी चिथावणं ही अपप्रेरणा आहे. चिथावलेल्यानं तो गुन्हा केला नाही तरीही. कलम १०८ मात्र आत्महत्या घडल्यावरच लागू होतं. बातम्यांत त्यालाच ‘आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा गुन्हा’ म्हणतात. ‘चिथावलं, पण तो शांत राहिला’ असं आपण सहज म्हणतो. ‘प्रवृत्त केलं, पण तो प्रवृत्त झाला नाही’ असं म्हणवत नाही. म्हणून गुन्हा नुसता दाखल झाला असताना ‘प्रवृत्त केले’ असा मथळा देणं मला गैर वाटतं. एकाच्या बोलण्यानंच दुसऱ्याचं मन तिथवर गेलं का, हे न्यायालयात अजून सिद्ध व्हायचं असतं. तोवर ‘प्रवृत्त केल्याचा आरोप’ एवढंच लिहावं.