संघटनात्मक वर्तन : यंत्र, माणूस आणि गट

प्रास्ताविक : कामाच्या ठिकाणी व्यक्ती व गट कसे वागतात आणि तसे का वागतात, याचा पद्धतशीर अभ्यास म्हणजे संघटनात्मक वर्तन होय. उत्पादन घटले की दोष बहुधा कामगाराच्या आळसाला दिला जातो. हे निदान कितपत योग्य आहे, हे प्रस्तुत लेखात एका उदाहरणाद्वारे पाहू.

अहमदाबादचा प्रयोग : १९५३ मध्ये लंडनच्या टॅविस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी अहमदाबादच्या कॅलिको मिलमधील स्वयंचलित मागांच्या विभागाचा अभ्यास केला. तेथे २२४ मागांवर २९ कामगार होते आणि त्यांची कामे १२ प्रकारांत विभागलेली होती. विणकर, बॉबिन भरणारा, तेल घालणारा अशा प्रत्येकाकडील मागांची संख्या निराळी होती. परिणामी एका मागाची पूर्ण जबाबदारी कोणत्याच गटाची नव्हती. नवी यंत्रे येऊनही अपेक्षित उत्पादन निघत नव्हते. ठरावीक माग लहान गटांकडे सोपवावेत, अशी सूचना राइस यांनी केली. हे गट कामगारांनी स्वतःच बनवले. सुरुवातीच्या चाचपडीनंतर उत्पादन वाढले व खराब कापडाचे प्रमाण घटले. यंत्रे तीच, कामगारही तेच. बदलली ती कामाची रचना.

राखोलीच्या संदर्भात : सिल्वासाजवळील राखोलीच्या कारखान्यांत स्थानिक आदिवासी आणि परप्रांतीय कामगार पाळ्यांमध्ये एकत्र काम करतात. त्यांच्या भाषा भिन्न आहेत. एकाच भाषेत दिलेली सूचना समजली नाही, तर तो आळस ठरत नाही.

निष्कर्ष : माल खराब झाल्यास ‘चूक कोणाची?’ या प्रश्नाआधी ‘कामाची वाटणी कशी आहे?’ हा प्रश्न विचारला पाहिजे. व्यवस्थेच्या दोषासाठी कामगाराची मजुरी कापणे हे अशास्त्रीय तर आहेच, शिवाय अन्यायाचेही आहे.