फेविकॉलच्या डब्यामागची लॅब: केमिकल कंपनीत ‘आर अँड डी’ म्हणजे नेमकं काय चालतं?

देगलूरची माझी एक मैत्रीण. नांदेडच्या विद्यापीठातून एम.एस्सी. केमिस्ट्री केलं आणि लाकडाचे चिकट पदार्थ बनवणाऱ्या एका कंपनीचं ऑफर लेटर हातात आलं. पद होतं ‘आर अँड डी एक्झिक्युटिव्ह’. घरच्यांनी पेढे वाटले. तिसऱ्या महिन्यात तिचा फोन आला, “अगं, मी दिवसभर लाकडाचे तुकडे चिकटवते आणि मशीनवर ओढून तोडते. याला रिसर्च म्हणतात का?”

तेव्हा मला उत्तर देता आलं नव्हतं. आता देते. हो, म्हणतात. आणि ते कसं, हे कळायला फेविकॉलची गोष्ट बरी पडते.

फेविकॉल बाजारात यायच्या आधी सुतार वापरायचे सरस. जनावरांची हाडं-कातडी उकळून केलेला. तो दरवेळी गरम करायचा, वास सहन करायचा आणि थंड व्हायच्या आत काम उरकायचं. बळवंत पारेख यांनी मुंबईत लाकडाच्या व्यापाऱ्याकडे शिपाई म्हणून काम केलं होतं, त्यामुळे सुतारांची ही कटकट त्यांनी जवळून पाहिलेली. 1959 साली त्यांनी पांढरा, थंडच वापरता येणारा गोंद आणला.

आता गंमत बघा. या गोंदामागचं रसायन, पॉलिव्हिनाइल ॲसिटेट, जर्मनीत फ्रिट्झ क्लाट यांनी 1912 मध्येच शोधलेलं होतं. म्हणजे मूळ शोध भारतात लागला नाही. इथं सोडवायचा प्रश्न वेगळा होता. इथल्या सुताराला, इथल्या लाकडावर, इथल्या हवेत चालेल असा गोंद हवा होता. केमिकल मटेरियल कंपन्यांच्या आर अँड डीचा मोठा भाग आजही याच प्रकारचा प्रश्न सोडवत असतो.

एकच लॅब नसते

सिनेमात दिसते तशी रंगीत बाटल्यांची एक खोली, हे चित्र डोक्यातून काढा. अशा कंपनीत साधारण चार वेगळी कामं चालतात. एक टीम मूळ पदार्थ बनवते. दुसरी त्यात बाकीची द्रव्यं मिसळून विकण्याजोगं मिश्रण तयार करते, त्याला फॉर्म्युलेशन म्हणतात. तिसरी ते मिश्रण गिऱ्हाईक वापरेल तसं वापरून बघते, ती ॲप्लिकेशन लॅब. चौथी मशीनवर मोजमाप करून आत नेमकं काय आहे ते सांगते. छोट्या कंपनीत ही चारही कामं दोन माणसं करतात, तो भाग वेगळा.

माझी मैत्रीण होती तिसऱ्या खोलीत. बाहेरून सगळ्यात कंटाळवाणी दिसणारी हीच खोली बाकीच्यांना कामाला लावते.

कसं ते सांगते. गोंद लावल्यापासून दोन फळ्या जोडून शिकंजा आवळेपर्यंत सुताराला काही मिनिटं मिळतात. पांढरा गोंद पाणी उडून वाळतो. देगलूरला मे महिन्यातल्या कोरड्या उन्हात ही मिनिटं झपाट्यानं कमी होतात. कोकणात जुलैमध्ये तोच गोंद लवकर वाळतच नाही. मग वाळण्याचा वेग बदलायचा. पण तो बदलला की ताकद हलते. गोंद लवचिक करायला प्लास्टिसायझर वाढवलं, तर वजनाखाली जोड हळूहळू सरकायला लागतो. पाण्यात टिकेल असा केला, तर किंमत चढते. एक गाठ सोडवली की दुसरी बसते. ती कुठे बसली, हे कळतं लाकडाचे तुकडे तोडूनच. जोडावर तुटला की लाकडातच फाटला, किती बळाला, पाण्यात भिजवल्यावर किती बळाला. लाकूड फाटलं आणि जोड शाबूत राहिला, तर गोंद पास.

खरी परीक्षा मोठ्या भांड्यात

लॅबमध्ये जमलं म्हणजे कारखान्यात जमेल असं नाही. घरी चार माणसांचं वरण उत्तम करणाऱ्या बाईला चारशे पानांच्या पंगतीसाठी उभं करा. सगळं शंभर पट घेऊन भागत नाही. जाळ, वेळ, ढवळणं सगळंच बदलतं.

रसायनातही तेच, फक्त धोका जास्त. पांढरा गोंद बनवताना व्हिनाइल ॲसिटेट पाण्यात थोडं थोडं सोडत काही तास अभिक्रिया चालवतात. या अभिक्रियेतून उष्णता निघते. आता हिशोब करा. लॅबमधलं भांडं 5 लिटरचं आणि कारखान्यातलं त्याच आकाराचं, पण 5,000 लिटरचं. आतला माल झाला 1,000 पट, पण भांड्याची भिंत झाली फक्त 100 पट. उष्णता बाहेर जाते भिंतीतून. म्हणजे लिटरमागे थंड व्हायची सोय दहाव्या हिश्शावर आली. द्रव्य घाईनं सोडलं की तापमान हाताबाहेर जातं, आणि दूध फाटावं तसा सगळा माल फाटून भांड्यात गठ्ठा बसतो. तो मग खरवडून काढावा लागतो.

म्हणून मध्ये एक पायरी असते, पायलट प्लांट. काहीशे लिटरचं भांडं, जिथं चूक झाली तरी परवडते. लॅबमध्ये छान दिसलेल्या बऱ्याच कल्पना इथंच मरतात. उरलेल्या कल्पना खरेदी विभागाच्या टेबलावर अडकू शकतात. व्हिनाइल ॲसिटेट भारतात मुख्यतः बाहेरूनच येतं. त्याचा भाव चढला की उत्तम फॉर्म्युलासुद्धा महाग पडतो. केमिस्टची चूक नसते, पण फाइल बंद होते.

काही कंपन्या अवघड संशोधन बाहेरच्या प्रयोगशाळेकडूनही करून घेतात. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, म्हणजे 1950 मध्ये सुरू झालेली एनसीएल, याचं ठळक उदाहरण. रघुनाथ माशेलकर संचालक असताना पॉलिकार्बोनेट प्लास्टिकवरचं तिथलं संशोधन पाहून अमेरिकेची जीई ही कंपनी पुण्यात आली आणि तिनं एनसीएलशी करार केला. पुढे 2000 साली जीईनं बंगळुरूत स्वतःचं संशोधन केंद्रच उघडलं.

पाटीवर लिहिलेलं ‘आर अँड डी’

यात एक हिशोबाची बाजूही आहे, ती कॉलेजात कुणी सांगत नाही. कंपनीच्या संशोधन केंद्राला केंद्र सरकारच्या डीएसआयआर या विभागाची मान्यता मिळते. अशा मान्य केंद्रावर 100 रुपये खर्च केले तर मार्च 2017 पर्यंत करासाठी 200 रुपये खर्च दाखवता यायचा. नंतर ही सवलत 150 वर आली आणि एप्रिल 2020 पासून 100 वर, म्हणजे जादा सवलत संपली. नेहमीची क्वालिटी तपासणी मात्र या मान्यतेत संशोधन म्हणून धरली जात नाही.

देश म्हणून आपण संशोधनावर जीडीपीच्या साधारण 0.64 टक्के खर्च करतो. त्यातही खासगी कंपन्यांचा वाटा निम्म्याहून कमी.

देगलूर-मुखेडकडची एम.एस्सी. झालेली पोरं पुण्यापेक्षा जवळ म्हणून हैदराबाद गाठतात. मुंबईच्या आयसीटीचं केंद्र 2018 पासून जालन्यात आहे, त्यामुळे मराठवाड्यात राहून रसायन तंत्रज्ञान शिकायची सोय झाली आहे. पण नोकरीच्या मुलाखतीत नुसतं ‘आर अँड डी’ ऐकून हुरळून जाऊ नका. सरळ विचारा: मी कुठल्या लॅबमध्ये असेन? केंद्राला डीएसआयआरची मान्यता आहे का? माझं सॅम्पल पायलटला गेलं तर मी तिथं उभी असेन का? पेटंटवर नाव कुणाचं लागतं? उत्तर देताना समोरचा अडखळला, तर काम रोजच्या बॅचची तपासणी असण्याची शक्यता मोठी. तीही नोकरी चांगलीच, फक्त आधी माहीत असावं.

मैत्रिणीला आता दोन वर्षं होत आली. मागच्या आठवड्यात तिचा मेसेज आला. तिनं तोडून तोडून निवडलेलं एक सॅम्पल पायलट प्लांटला गेलंय. पहिल्या दोन बॅच फाटल्या. तिसरी सोमवारी आहे, आणि द्रव्य किती वेगानं सोडायचं हे या वेळी तिला विचारून ठरवलंय.