पंप हवाच असं कुणी सांगितलं?

मातीविना शेतीचं नाव काढलं की डोळ्यांपुढे पांढऱ्या पाइपांचे मजले आणि जांभळे दिवे येतात. तेवढा थाट असल्याशिवाय घरात पुदिना, मेथी, नीरब्राह्मी येणार नाही, असं बहुतेकांना वाटतं. या पाइपांच्या पद्धतीला एनएफटी म्हणतात. उतरत्या पाइपातून पोषणद्रावणाचा पातळ थर सतत वाहत राहतो. अ‍ॅलन कूपर यांनी ती १९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये विकसित केली, तीही काचघरातल्या व्यापारी पिकांसाठी. तिचा सगळा भार पंपावर असतो. मे महिन्यात भर दुपारी वीज गेली की पाइपातली मुळं सुकायला लागतात. मुळांवर नुसता फवारा मारणाऱ्या एरोपोनिक्सला तेवढाही धीर नसतो.

हवाई विद्यापीठातल्या बर्नार्ड क्रॅट्की यांच्या पद्धतीत पंपच नाही. अपारदर्शक डब्यात द्रावण, झाकणाला भोक आणि भोकात जाळीची कुंडी, एवढंच. रोप पाणी पितं तशी पातळी उतरते आणि वर मोकळ्या झालेल्या जागेत मुळं हवा घेतात. घोळ इथेच होतो. पाणी कमी झालं म्हणून लोक डबा पुन्हा काठोकाठ भरतात आणि हवेला सरावलेली मुळं गुदमरतात.

मग ‘पाण्यात मुळं कुजतातच’ हा समज पसरतो. मुळं कुजतात ती प्राणवायू कमी पडल्यामुळे. २० अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसातच. त्यात कोमट पाणी मूळकुजीच्या पिथियमलाही मानवतं. म्हणून उन्हाळ्यात डबा गच्चीच्या दाराशी ठेवू नये. पालक लावला असेल तर फिशटँकचा छोटा हवापंप सोडावा. नीरब्राह्मी मुळात दलदलीतली, तिचं फारसं बिघडत नाही.

पद्धत निवडताना किमतीआधी रोपाची मुळं पाहावीत. पुदिन्याची मुळं आणि धावते फुटवे पाइप तुंबवतात, त्याला रुंद टबच बरा. मेथीला पुनर्लागण सोसत नाही, ती कोकोपीटच्या ट्रेमध्ये दाट पेरावी. मात्र कोकोपीट पाकिटातून काढलं की तयार, असं नाही. न धुतलेल्यात क्षार असतात, म्हणून दोन-तीनदा धुऊन घ्यावं.

‘माती नाही म्हणजे सेंद्रिय’ हे तर साफ चूक. द्रावणात कॅल्शियम नायट्रेट, पोटॅशियम नायट्रेट, मॅग्नेशियम सल्फेट असे क्षारच असतात. पोषणद्रावण ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन बाटल्यांत येतं ते विक्रेत्याच्या हौसेखातर नव्हे. दाट अवस्थेत कॅल्शियम आणि सल्फेट एकत्र आले की पांढरा साका बसतो आणि पोषण तळाशी जातं. दोन्ही भरपूर पाण्यात एकामागून एक घालावेत. अमेरिकेत हायड्रोपोनिक पिकाला सेंद्रिय प्रमाणपत्र मिळू शकतं, युरोपीय संघात मिळत नाही.

पाणी वाचतं हे मात्र खरं. अ‍ॅरिझोनातल्या युमा भागातल्या लेट्यूसवर २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शेतात किलोमागे सुमारे २५० लिटर, तर हायड्रोपोनिक्समध्ये २० लिटर पाणी धरलं होतं. ऊर्जा मात्र ८० पटींहून जास्त. घरात दिवे लावून वाढवणाऱ्याने हा आकडा वीजबिलाशेजारी ठेवावा.

राहिला औषधी गुणांचा प्रश्न. मातीत वाढलेली नाही म्हणून तुळस अधिक गुणकारी होत नाही. तिचा वास आणि तेल जात, उजेड, कापणीची वेळ यांवर ठरतं. खिडकीतल्या अर्धवट उजेडात पानं मोठी, पण मिळमिळीत येतात. शिवाय कमी उजेडात पालेभाज्या नायट्रेट साठवतात. हिवाळ्यात ते जास्त साठतं, म्हणूनच युरोपीय संघाने लेट्यूसमधल्या नायट्रेटची मर्यादा हिवाळ्यासाठी वेगळी आणि अधिक सैल ठेवली आहे. तेव्हा मोजके शे-दोनशे रुपये जास्त असतील, तर ते पंपावर न घालता दिव्यावर घालावेत आणि डब्याचं झाकण घट्ट बसवावं. फट राहिली तर शेवाळ आधी येतं, डासांच्या अळ्या मागोमाग.