पेरणीच्या धांदलीत शाळेची चिठ्ठी

मृग लागला की शेतकऱ्याच्या घरी दोन कागद येतात. एक कृषी सेवा केंद्राचं बिल, दुसरी शाळेची चिठ्ठी. बियाणं उगवलं नाही तर तक्रारीला बिल लागतं, म्हणून ते जपून ठेवलं जातं. चिठ्ठी मात्र पोराच्या दप्तरातच चुरगळते.

मूल नववीत गेलं असेल तर ती नीट वाचा. सरकारी व अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पुस्तकं फुकट, दुपारचा आहारही. नववीत दोन्ही बंद, आणि तेही नेमका पैसा बी-खतात अडकलेला असताना. आठवीत आर्थिक दुर्बल घटकांच्या शिष्यवृत्ती परीक्षेत निवड झाली, तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पालकांचे उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवे. तहसीलचा दाखला आत्ताच काढावा. मुलींना एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत आहे.

चिठ्ठीत आणखी एक ओळ असते : नाव व जन्मतारीख तपासून सही करावी. इथंच घात होतो. बाप न वाचता सही ठोकतो. शाळा सोडल्यावर जनरल रजिस्टरातली दुरुस्ती सहसा होत नाही. नाव जुळलं नाही म्हणून अनुदान अडकलेले शेतकरी आमच्याकडे नेहमी खेटे घालतात. पोरांच्या वाट्याला ते कशाला?

वाफसा यायला दोन-चार दिवस असतील, तेवढ्यात जन्मदाखला आणि आधार कार्ड घेऊन शाळेत एक चक्कर टाका.