कासवीचा माग

संतवाङ्मयात कासवीचा दृष्टांत वारंवार येतो. पैलतीरी राहून ती केवळ दृष्टीने पिलांचे पोषण करते, अशी ती कल्पना. आम्ही हा दृष्टांत वर्षानुवर्षे वर्गात शिकविला आणि त्यातील वात्सल्याला आमचा आजही नमस्कार आहे. परंतु कोकणच्या किनाऱ्यावर येणारी खरी कासवी रात्री खड्डा करून शंभरएक अंडी घालते, वर वाळू लोटते आणि मागे वळूनही न पाहता समुद्रात निघून जाते. ती जाते कोठे आणि चरते कोठे, हे मात्र किनाऱ्यावर राहून कळण्यासारखे नव्हते.

समुद्रातील प्राण्याचा माग काढणे सोपे नाही, कारण खाऱ्या पाण्यातून रेडिओलहरी दूर जात नाहीत. अंटार्क्टिकच्या बर्फाखाली बुड्या मारणाऱ्या वेडेल सीलचा अभ्यास करताना १९६० नंतरच्या दशकात जेराल्ड कूयमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने स्वयंपाकघरातील वेळ लावण्याच्या घड्याळापासून खोली नोंदविणारे यंत्र तयार केले. सील ६०० मीटरपर्यंत जातो, हे त्यातून कळले. पुढे हत्ती-सील तर २००० मीटरच्याही खाली उतरतात असे आढळले. आज त्यांच्या डोक्यावर चिकटविलेली यंत्रे जेथे जहाज पोहोचत नाही अशा पाण्याचे तापमान व क्षारता कळवितात. अंगावरचे केस झडले की यंत्रही गळून पडते. प्राण्याला त्याचे ओझे जन्मभर वाहावे लागत नाही.

आपल्याकडे सील नाहीत. हे काम ऑलिव्ह रिडले कासवांवर झाले. २००१ साली ओडिशात त्याचा प्रारंभ झाला, तर पश्चिम किनाऱ्यावर २०२२ च्या जानेवारीत. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे, जेथे २००२ पासून ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या चिपळूणच्या संस्थेने ग्रामस्थांच्या साह्याने अंडी राखली, तेथील एका कासवीच्या पाठीवर यंत्र बसविण्यात आले. महाराष्ट्राचे कांदळवन प्रतिष्ठान व डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था यांचा हा उपक्रम. तिचे नाव ठेवले ‘प्रथमा’. मागोमाग आंजर्ल्याची ‘सावनी’ आणि गुहागरच्या ‘वनश्री’, ‘रेवा’ व ‘लक्ष्मी’. बारशाला एखादी आत्याबाई असावी, इतकी ही नावे घरगुती आहेत! कासवी श्वासासाठी वर आली, की यंत्र उपग्रहाला संदेश पाठविते. ती बुडाली, की ते गप्प. अशा तुटक संदेशांतून तिची वाट नकाशावर ठिपक्याठिपक्यांनी उमटते. प्रथमा उत्तरेस गुजरातच्या पाण्यात गेली, रेवा दक्षिणेस कर्नाटकाकडे.

पाचही यंत्रे एकेक करून बंद पडली. यंत्र बंद पडले म्हणजे कासवी मेली, असे नव्हे. विद्युत्घट संपतो, यंत्र निखळते. पण जाळ्यात अडकलेल्या कासवीला वर येता आले नाही तर ती गुदमरून मरते, हेही तितकेच खरे. त्या मौनाचा अर्थ किनाऱ्यावरून लावता येत नाही. किनाऱ्यावरची अंडी कुत्र्या-कोल्ह्यांपासून राखणे गावकऱ्यांच्या हाती आहे. खोल पाण्यात पसरलेले ट्रॉलरचे जाळे त्यांच्या हाती नाही. म्हणूनच चरण्याच्या जागा कळणे आम्हांस अगत्याचे वाटते. जागाच ठाऊक नसेल, तर तेथे मासेमारीला मर्यादा कोणी आणि कशी घालावी?

२०२३ च्या फेब्रुवारीत गुहागरला ‘बागेश्री’ व ‘गुहा’ यांना यंत्रे बसविली. बागेश्री दक्षिणेस गेली आणि श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरली. आमच्या बेज्जूरच्या रानापलीकडून वाहणारी प्राणहिता वर्धा-वैनगंगेचे पाणी गोदावरीला देते, आणि गोदावरी ते त्याच उपसागरात नेते. समुद्रापासून इतक्या दूर राहणाऱ्या आमच्या मुलांना नकाशावर ही वाट दाखविताना बोट कोठून फिरवावे, हा प्रश्नच उरत नाही.

उलट दिशेची वाटही सिद्ध झाली. २०२१ साली ओडिशात पुढच्या वल्ह्यासारख्या पायाला धातूचा क्रमांकित बिल्ला लावलेली एक कासवी २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या वाळूत अंडी घालताना आढळली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांची कासवे निराळी, असा समज होता. त्यावर आता पुन्हा विचार सुरू झाला आहे. तिच्या अंड्यांतून शंभराहून अधिक पिल्ले समुद्रात गेली.